पक्कं लिव्हा

माझ्या फजितीची सुरुवात डब्याच्या सुट्टीत झाली. मी जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या प्लांटवर कामाला आहे. कपाशीचं नाहीतर मक्याचं बी पट्ट्यावरून सरकत येतं, त्यातलं फुटकं, किडकं, सुरकुतलेलं वेचून बाजूला टाकायचं. नऊ वर्षं हेच. नासका दाणा मी झोपेतसुद्धा ओळखीन. (माणसांच्या बाबतीत ही नजर चालत नाही. चालली असती तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.)

तर त्या दिवशी माझ्याच पट्ट्यावरची दैवशाला भाकरी मोडता मोडता म्हणाली, तिच्या भावाला एफडीवर जे व्याज आलं त्यातून बँकेनं टॅक्स कापून घेतला. विचारलं नाही, सांगितलं नाही, कापला. माझा घास हातातच राहिला. कारण माझेही बँकेत एक लाख साठ हजार होते. दाणा दाणा वेचून जमवलेले असं लोक उगीच म्हणतात, माझे खरोखरच दाणे वेचून जमवलेले होते. त्याच जागी मी ठरवलं, पैसे आता अशा खात्यात टाकायचे जिथं टॅक्सवाल्याची सावली पडणार नाही. ठरवलं म्हणजे ठरवलं. मी चौथी शिकलेली बाई आहे, पण एकदा ठरवल्यावर मला एमए झालेला माणूस हलवू शकत नाही.

घरी आल्या आल्या मी आमच्या मालकांना, म्हणजे बद्रीनाथना, सांगितलं की आपल्याला करमुक्त खातं काढायचं आहे. मालक सळईच्या मिलमध्ये भट्टीवर असतात. पंचवीस वर्षं त्या धडधडाटात काढल्यामुळं त्यांना निम्मं ऐकू येतं आणि ऐकलेल्यातलं निम्मं कळतं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"करमुक्त म्हंजे?"

"म्हंजे कर न्हाई."

"मंग मटन कव्हा करायचं?"

(आमच्याकडं सणाच्या दुसऱ्या दिवसाला कर म्हणतात. पोळ्याची कर म्हणजे घरोघर रस्सा. या माणसाचं सगळं अर्थशास्त्र तिथं सुरू होतं आणि तिथंच संपतं.)

मी त्यांचा नाद सोडला आणि आमच्या प्रियदर्शनीला बसवलं. ती बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिनं मोबाईलमध्ये बघून इतकी नावं सांगितली की मला वाटलं ती वर्गातल्या पोरींची हजेरी घेऊन राह्यली. त्यातलं मला एकच आवडलं, सुकन्या. नाव कसं घरातलं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून पोस्टात गेले. तिथं रामराव नावाचे रिटायरमेंटला आलेले बाबू आहेत, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. त्यांनी पोरीचं वय विचारलं. मी एकोणीस सांगितलं. ते म्हणाले, सुकन्येला दहाच्या आतली लागते. मी म्हणाले, आईला पोरगी लहानच असते. ते म्हणाले, आईला असते, पोस्टाला नसते.

मग त्यांनी पीपीएफ काढलं. व्याजावर टॅक्स नाही, मुद्दलावर टॅक्स नाही, निघताना टॅक्स नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, खातं पंधरा वर्षं बंद. मधे अडीनडीला थोडेफार निघतात, पण पहिली पाच-सहा वर्षं तर कुणाच्या बापाला हात लावता येत नाही. हे ऐकून माझा जीव असा गार झाला म्हणून सांगू. कारण आमचे मोठे दीर सर्जेराव तीर्थपुरीला असतात आणि दर दिवाळीला येऊन, हवापाणी विचारल्यासारखं, माझ्या पैशांची तब्येत विचारून जातात. पंधरा वर्षांनी मी त्रेसष्टची होईन हा हिशेब मी केला, पण दीर एक्याऐंशीचे होतील हाही केला.

मी फॉर्म हातात घेतला तेवढ्यात रामरावांनी चष्मा खाली ओढला आणि विचारलं, "घर बांधायचं न्हाई ना मधी? बांधायचं आसल तर हितं टाकू नका. मंग रडत याल."

मी फॉर्म कोराच घरी आणला.

आता घराचं सांगते. आमचं घर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर पत्रे. सत्तावीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या भिंती मी लिंपते. पिवळी माती, भुसा, शेण, वर्षातून दोनदा. आणि सत्तावीस वर्षं मी मालकांना सांगत आले की ही भिंत आज पडेल नाहीतर उद्या पडेल. पत्रा उन्हाळ्यात असा तापतो की दुपारी घरात पापड टाकले तर तळून निघतील. तरी ते घरसुद्धा माझं नव्हतं. माझ्या नावावर एक पासबुक आणि एक गॅसची टाकी, बाकी सगळं बद्रीनाथ.

शेजारच्या कमरुन्निसाआपा हे सगळं ऐकून होत्या. (आमच्या दोन घरांत एक पत्र्याचा आडोसा आहे. आम्ही इकडं भांडलो की तिकडून लालमियाँ खोकतात, म्हणजे समजायचं आवाज जास्त झाला.) आपा म्हणाल्या, "साळूभाभी, खात्या-बित्याचं सोडा. घरकुलाचे फारम चालू हायेत. सरकार अडीच लाख देतंय, बाकी आपले टाकायचे. आन घर बाईच्या नावावर पायजे, बिलकुल."

मी एवढंच ऐकलं. बाईच्या नावावर.

तरी मी घाई केली नाही. आठ दिवस विचार केला. प्रियदर्शनीनं वहीत मधोमध रेघ मारून एका बाजूला पीपीएफ आणि एका बाजूला घर असं लिहिलं. पीपीएफच्या बाजूला सात टक्क्यांच्या वर व्याज, करमुक्त, सुरक्षित, दीर लांब, अशा चार ओळी झाल्या. घराच्या बाजूला एकच, मम्मीचं नाव. मी ती वही तीन दिवस उशीखाली ठेवली आणि चौथ्या दिवशी घर म्हणाले. टॅक्सच्या नावानं मी सरकारवर आठ दिवस तोंड सोडलं होतं ते तेवढ्यापुरतं मिटलं. (सरकारनं माझ्या पैशाला हात लावायचा नाही. मी सरकारच्या पैशाला लावला तर माझी हरकत नव्हती.)

अट अशी होती की कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नको आणि जागा अर्जदाराच्या नावावर पाहिजे. जागा मालकांच्या नावावर. मी त्यांना सांगितलं तेव्हा मला वाटलं आता महिनाभर भांडण. तीर्थपुरीहून सर्जेरावांचा फोनही आला, बायकोच्या नावावर करून राह्यला, उद्या तुलाच दाराबाहेर बसवील म्हणून. मालकांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि सकाळी अंगावर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासोबत रजिस्ट्री ऑफिसात आले. त्या कागदाला बक्षीसपत्र म्हणतात. सत्तावीस वर्षांत या माणसानं मला दिलेलं पहिलं बक्षीस. सही करून बाहेर आल्यावर मला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तोंडातून एवढंच निघालं की शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात लावलंय.

अर्ज भरला. आपांचा आणि माझा एकाच दिवशी, एकाच सेंटरवर, एका पाठोपाठ एक. त्यानंतर दोन महिने काही नाही. मालक मधूनमधून म्हणायचे, अजून बघ बाई, पोस्टातच टाक, घराचं एवढं पक्कं करू नको. मला त्याचा इतका राग यायचा की मी स्वयंपाक करतानासुद्धा मनात म्हणायची, पक्कं, पक्कं, पक्कं.

असं डोकं तयार झालेलं असताना फोन आला. मी पट्ट्यावर होते, मशीन चालू होतं. मी एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्याला मोबाईल लावला. एक पोरगी फार गोड आवाजात बोलत होती.

"साळूबाई बद्रीनाथ बोलताय का? घरकुलाच्या अर्जाबद्दल पडताळणी करायची होती. घर पक्कं आहे का?"

मला वाटलं, मालकांनी कुठंतरी जाऊन माझा विचार डळमळीत आहे असं सांगितलं असणार. माझा पारा चढला.

"पक्कं," मी म्हणाले.

"नक्की ना? नंतर बदलता येणार नाही."

"बाई, मी एकदा बोलले म्हंजे बोलले. घर पक्कं. तुम्ही बिनघोर पक्कं लिव्हा."

"किती खोल्या?"

"तीन. आन स्वैपाकघर येगळं."

"छत स्लॅबचं आहे?"

"मंग काय पत्र्याचं? स्लॅबचंच."

"संडास-बाथरूम घरातच?"

"घरातच. या वयात बाहीर कोन जाईन?"

पोरीनं धन्यवाद म्हणून फोन ठेवला. मी दैवशालाला सांगितलं, बघ, सरकार किती सुधारलं, घर कसं पाहिजे ते एकेक करून विचारून घेतलं. दैवशाला म्हणाली, फरशी कुठली पाहिजे ते विचारलं का? मी म्हणाले, ते पुढच्या फोनला विचारतील. दिवसभर मी पट्ट्यावर बसून फरशीचा रंग ठरवत होते. त्या दिवशी माझ्या पट्ट्यावरून किती किडकं बी चांगल्यात गेलं असेल, त्या शेतकऱ्यांची मी मनापासून माफी मागते.

महिन्यानं यादी लागली. कमरुन्निसाआपांचं नाव होतं. माझं नव्हतं. खाली नामंजूर म्हणून वेगळा कागद होता, त्यात मी सातव्या नंबरला. कारण, पक्के घर आहे.

मी महापालिकेच्या घरकुल ऑफिसात कशी शिरले ते बघणाऱ्यांनी नंतर आमच्या गल्लीत येऊन सांगितलं. टेबलामागं चाळिशीचा एक शांत कारकून होता. मी त्याला विचारलं, कोणी लिहिलं हे, कुणाचे पैसे खाल्ले, माझ्या घरी कोण आलं होतं, माझ्या पत्र्यावर कुणाला स्लॅब दिसला. मी म्हणाले, ज्यानं हे लिहिलं त्याला माझ्यासमोर उभा करा. तीस-चाळीस लोक रांग सोडून गोळा झाले. काही बाया म्हणाल्याही, बराबर बोलते बाई, असंच पाहिजे. त्यामुळं मला आणखी चेव आला आणि मी त्या खोटं लिहिणाऱ्या हरामखोराच्या सात पिढ्यांचा समाचार घेतला.

कारकुनानं मला पाणी दिलं. मग कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बघितलं. "मावशी, पडताळणीचे फोन रेकॉर्ड होतात," तो म्हणाला, आणि आवाज मोठा केला.

सगळ्या ऑफिसात माझा आवाज घुमला. घर पक्कं. तुम्ही बिनघोर पक्कं लिव्हा.

मागं मशीन धडधडत होतं, तेही ऐकू येत होतं. स्लॅबचंच म्हणाले तिथं रांगेतला एक म्हातारा खुदकन हसला. घरातच, या वयात बाहीर कोन जाईन, याला सगळे हसले. मघाशी बराबर बोलते म्हणणाऱ्या बाया सगळ्यात जास्त. मी तिथं उभी होते आणि ज्या हरामखोराच्या सात पिढ्या मी काढल्या होत्या त्या सगळ्या माझ्याच माहेरच्या निघाल्या.

कारकून भला माणूस. म्हणाला, फेरपाहणीचा अर्ज करा, इंजिनिअर येऊन घर बघेल, फोटो काढेल, कच्चं असेल तर प्रश्नच नाही. बुधवारची तारीख दिली.

आता इथं माझं चुकलं. घरी जाऊन मी खरं सांगायला पाहिजे होतं. पण मी सत्तावीस वर्षं या घरात दुसऱ्यांच्या चुका सांगत आलेली. स्वतःची सांगायची सवयच नव्हती. रेकॉर्डिंगचं तर मी मेले तरी सांगणार नव्हते. मी मालकांना आणि प्रियदर्शनीला एवढंच म्हणाले, घर बघायचं राहून गेलं होतं, बुधवारी साहेब येणार आहेत, त्यांना घर दाखवायचं आहे.

"बराबर दाखवतो," मालक म्हणाले.

बुधवारी मला अर्धीच सुट्टी मिळाली. प्रियदर्शनीची परीक्षा होती. दुपारी दोनला मी रिक्षातून उतरले आणि मला वाटलं रिक्षावाल्यानं दुसऱ्याच गल्लीत सोडलं. माझं घरच दिसेना. तिथं एक लाल विटांचं घर उभं होतं.

मालकांनी सकाळपासून भिवा पेंटरला बसवलं होतं. साहेब घर बघायला येणार म्हटल्यावर घर चांगलं दिसलं पाहिजे, यात त्या माणसाचं काय चुकलं? आपल्याकडं साहेब येणार म्हटलं की सगळे हेच करतात. गावात मंत्री येणार असला की खड्डे बुजतात, शाळेत तपासणी असली की फळा काळा होतो. भिवानं माझ्या मातीच्या भिंतीला लाल ऑइलपेंट दिला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगानं एकेक वीट आखली होती. इतकी सफाईदार की विटांच्या मधलं सिमेंटसुद्धा दिसत होतं. पत्र्याला खालून पांढरं प्लॅस्टिक ताणून छत केलं होतं. कमरुन्निसाआपा पोरीकडं परतूरला गेलेल्या, म्हणून लालमियाँकडून सोफा, गालिचा आणि उभा पंखा आणला होता. आणि त्या सोफ्यावर चांगला कोवळा, चष्मेवाला इंजिनिअर बसून पोहे खात होता. शेजारी मालक उभे. इस्त्रीचा शर्ट, बटणं बरोबर काजांत.

"आली का? ये," ते मला म्हणाले. "साहेबाला लई आवडलं घर."

मी तिथंच उंबऱ्यावर टेकले. खरं सांगते, त्या घडीला मला रडावं की मालकांना मारावं हेच कळेना, आणि ते माझ्याकडं असे बघत होते जसं शाळेतलं पोर पाटी दाखवून बघतं. मी साहेबाकडं वळले.

मी म्हणाले, साहेब, हे घर कच्चं हाय. त्यांनी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणाले, ही माती हाय, वरून रंग हाय. मी चमच्यानं रंग खरवडला आणि आतली पिवळी माती काढून त्यांच्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली. साहेबांनी ती बोटानं चोळून बघितली.

"मावशी, माती आहे, मला पटलं. पण मला ॲपमध्ये फोटो टाकावा लागतो. फोटोत विटा येणार. वर बसलेला माणूस फोटो बघतो. फोटोसोबत माती पाठवायची सोय नाही."

"मंग भिंत पडलेली फोटोत येईन का?"

"ते येईल," साहेब म्हणाले. बिचारा गंमतीत म्हणाला असेल.

मी पदर खोचला. सत्तावीस वर्षं जी भिंत आज पडेल उद्या पडेल म्हणत आले तिच्यासमोर मी उभी राहिले आणि उजवा खांदा घालून सगळ्या ताकदीनं ढकललं.

काही झालं नाही.

मी चार पावलं मागं गेले आणि पळत येऊन धडक दिली. भिंतीतून एक ढेकूळसुद्धा पडलं नाही. तिसऱ्या धडकेला काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज आला. मालक म्हणाले, "पडली." पण भिंत नव्हती पडली. माझा खांदा निखळला होता.

मी भिंतीला टेकून उभी राहिले, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं. कळ अशी आली होती की दात एकमेकांवर घट्ट बसले. साहेबांनी तेवढ्यात फोटो काढून टाकला. तो फोटो मी नंतर त्यांच्या मोबाईलमध्ये बघितला. नव्या विटांच्या घराला रेलून, पदर खोचून, दात दाखवत एक घरमालकीण उभी आहे. इतकी खूश बाई त्या साहेबांच्या सगळ्या मोबाईलमध्ये दुसरी नसेल.

जाताना साहेबांनी भिंतीवर हात थापटला आणि मनापासून विचारलं, कुणी केलंय हे काम? मी म्हणाले, मीच, वर्षातून दोनदा. ते म्हणाले, आमच्याकडचे गुत्तेदार असं करत नाहीत हो. आणि कागदावर भिंती मजबूत असं लिहून निघून गेले. त्यांचं काम त्यांनी इमानदारीनं केलं. त्या दिवशी सगळ्यांनीच आपापलं काम इमानदारीनं केलं, म्हणून तर ही वेळ आली.

त्या संध्याकाळी हाडवैद्यानं खांदा बसवला तेव्हा मी मालकांना सगळं सांगितलं. फोन, रेकॉर्डिंग, सात पिढ्या, सगळं. मला वाटलं हा माणूस आता आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडेल आणि मी ऐकून घेईन. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला आधी सांगतीस तर रंग दिला नसता." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

महिनाभरात नामंजुरीचा मेसेज आला. इंग्रजीत होता, प्रियदर्शनीनं वाचला आणि मोबाईल पालथा ठेवला. तिकडं कमरुन्निसाआपांचं जुनं घर पाडायला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी त्यांच्या भिंती धडाधड पडल्या. मी गळ्यात हात बांधून अंगणात बसून ऐकायची. आपा दिवसातून तीनदा येऊन म्हणायच्या, तुमचंबी होईल भाभी. त्या खऱ्या मनानं म्हणायच्या, त्यानं जास्त लागायचं. मी प्लांटवर डाव्या हातानं दाणे वेचत होते, अर्ध्या मजुरीवर. जेवण जात नव्हतं. घरी आले की त्या लाल विटा दिसायच्या. भिवाला पुसायला सांगितलं तर म्हणाला, ऑइलपेंट आहे, दहा वर्षं हलत नाही, गॅरंटी आहे.

शेवटी मी ठरवलं, घर तर गेलं, निदान पैसे तरी नीट ठेवू. तो कोरा फॉर्म घेऊन परत पोस्टात गेले. रामरावांनी माझ्या गळ्यातल्या पट्टीकडं बघितलं आणि फॉर्म भरायला घेतला. डाव्या हातानं सही जमेना म्हणून ते थांबले आणि सहज बोलता बोलता म्हणाले, "पर ताई, तुम्हाला येवढी टॅक्सची भीती काहून? मजुरी किती वर्षाची?"

मी सांगितली. मालकांचीही सांगितली.

रामरावांनी चष्मा कपाळावर चढवला. ते म्हणाले, येवढ्या कमाईवर टॅक्स लागतच नाही. बँकेत ठेवा, पोस्टात ठेवा, डब्यात ठेवा. दैवशालाच्या भावाचं विचारलं तर म्हणाले, त्यानं एक साधा फॉर्म भरून दिला असता तर त्याचेही कापले नसते. तुमच्याकडून सरकारला काही घ्यायचंच नाही, ते म्हणाले. सरकार तुम्हाला ओळखतसुद्धा नाही.

पाच-सहा महिने ज्याच्या भीतीनं मी पळत होते तो माझ्यामागं आलाच नव्हता. मी बाकावर बसले आणि हसले. नामंजुरीनंतर पहिल्यांदा हसले. घर नाही तर नाही, पण माझे पैसे माझेच आहेत आणि सरकार मला ओळखत नाही, यातही एक सुख आहे असं मनाशी म्हणत मी पायीच घरी आले.

गल्लीच्या तोंडाशीच लालमियाँ भेटले. म्हणाले, मुबारक हो भाभी. पुढं दोन बाया भेटल्या, त्यांचीही तोंडं भरलेली. कमरुन्निसाआपा विटा-वाळूतून धावत आल्या आणि माझ्या दुखऱ्या खांद्यालाच मिठी मारली. "म्हटलं व्हतं ना मी तुमचंबी होईल."

दारात मालक उभे होते. इस्त्रीचा शर्ट. हातात एक कागद, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. त्यांचे डोळे पाणावलेले होते. हा माणूस सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा रडला नव्हता.

"साळू, घर झालं तुझं," ते म्हणाले. "सरकारी कागद आला. शिक्का हाय. वर मोठ्या अक्षरात तुझं नाव हाय, मालक म्हणून. मी सोता वाचलं."

मी कागद घेतला. खरंच माझं नाव होतं. मालकाचे नाव, श्रीमती साळूबाई बद्रीनाथ. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं नाव त्या शब्दापुढं छापलेलं बघितलं. मी ते दोनदा वाचलं. मग त्याखालचं बारीक वाचलं, जे मालकांना चष्म्याशिवाय दिसत नाही. फेरपाहणीत सदर बांधकाम पक्के व मजबूत आढळल्याने मालमत्ता कर सुधारित करण्यात येत आहे. पुढं रक्कम होती, आधीच्या साडेतीन पट. आणि तीस दिवसांत न भरल्यास काय करण्यात येईल तेही होतं.

सगळी गल्ली माझ्या तोंडाकडं बघत होती. मालकही बघत होते, तसेच, पाटी दाखवणाऱ्या पोरासारखे. मी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, हो, माझ्याच नावावर झालं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग मी पेढा घ्यायला पुड्यात हात घातला. पुड्यात नुसता कागद होता. मालकांनी गल्लीत दारोदार फिरून सगळे वाटून टाकले होते, घरमालकिणीला एकही ठेवला नव्हता.